पळपुटं सेलेनियम

बिस्मथ सेलेनाइडचे गुणधर्म कागदावर उतरवायला अर्धं पान पुरतं. सूत्रात बिस्मथचे दोन अणू, सेलेनियमचे तीन. रंग काळपट करडा, चकाकी धातूसारखी. वितळणबिंदू ७०५ अंश सेल्सिअसच्या आसपास. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मनाई असलेली ऊर्जेची दरी, ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आतून विसंवाहक, पृष्ठभागावर वाहक. पीएचडीची नोंदणी केली तेव्हा हे अर्धं पान मला तोंडपाठ होतं. पुढे कोल्हापुरात बसून हा पदार्थ स्वतः बनवला, चिरला, मोजला. आणि त्या अर्ध्या पानातलं शेवटचं वाक्य माझ्या तुकड्यात काही केल्या दिसेना. का दिसेना, ते सांगायचंय.

आधी या पदार्थाची एवढी हवा का झाली ते. तसा तो जुनाच. निसर्गात खनिज म्हणूनही सापडतो. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो या गावाचं नाव त्या खनिजाला मिळालंय. उष्णतेपासून वीज करणाऱ्या पदार्थांच्या यादीत तो कित्येक वर्षं होता, पण त्याचा भाऊ बिस्मथ टेल्युराइड या कामात सरस. त्यामुळे बिनकॉम्प्रेसरच्या छोट्या फ्रिजांमध्ये टेल्युराइडची वर्णी लागली आणि सेलेनाइड मागच्या बाकावरच बसून राहिलं.

२००९ साली चित्र पालटलं. बिस्मथचा अणुक्रमांक ८३. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचं अंगचं चुंबकत्व, जणू एक बाण) आणि त्याची गती एकमेकांत इतकी गुंततात की वरचा बँड, म्हणजे ऊर्जेचा पट्टा, खाली आणि खालचा वर जातो. ही अदलाबदल स्फटिकाच्या आत झाली की त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांना वाहायला वाट मिळतेच मिळते, ती बुजवता येत नाही. अशा पदार्थाला टोपॉलॉजिकल विसंवाहक म्हणतात. शिवाय त्या वाटेवर प्रत्येक दिशेला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा स्पिन ठरलेला. माघारी फिरायचं तर स्पिनही उलटा करावा लागतो, आणि साध्या, बिनचुंबकी अशुद्धीला ते जमत नाही. मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थरात असलं काही २००७ साली दिसलं होतं, बिस्मथ-अँटिमनीच्या मिश्रणात २००८ साली. पण बिस्मथ सेलेनाइडचं गणित सोपं आणि गॅप मोठा. खोलीच्या तापमानाची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर त्याच्या बारा पट. त्याच वर्षी सिद्धांतही आला आणि प्रिन्स्टनच्या गटाने स्फटिकावर प्रकाश टाकून, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची दिशा आणि ऊर्जा मोजून, पृष्ठभागावरच्या त्या वाटेची खूण असलेला एकुलता एक शंकू (ऊर्जा आणि गतीचा आलेख काढला की तो आकार दिसतो) दाखवलासुद्धा. २०१६ साली थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना पदार्थाच्या टोपॉलॉजिकल अवस्थांसाठी नोबेल मिळालं आणि जो तो या विषयाच्या मागे लागला. मीही लागले.

कोल्हापुरात पातळ थर म्हटलं की आधी बीकरच आठवतो. शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतीने थर बसवण्याची जुनी परंपरा आहे. काचपट्टी धुवायची, द्रावणात उभी करायची, तापमान आणि सामू सांभाळायचा आणि वाट बघायची. महागडं व्हॅक्यूम यंत्र लागत नाही. सुरुवात तिथूनच झाली. बिस्मथ नायट्रेट साध्या पाण्यात टाकलं की लगेच पांढरं, दुधट होऊन तळाशी बसतं. म्हणून ते आधी ट्रायइथॅनॉलअमाइनमध्ये घोटायचं. हे रसायन इतकं चिकट की पिपेटमधून उतरेपर्यंत जीव जातो. ते बिस्मथला धरून ठेवतं आणि जरा जरा सोडतं. सेलेनियमसाठी त्याची काळी पूड सोडियम सल्फाइटच्या द्रावणात ऐंशी-नव्वद अंशांवर कित्येक तास ढवळत ठेवायची, रात्रभर गार होऊ द्यायची आणि गाळायची. गाळलेलं द्रावण स्वच्छ दिसतं, पण फार टिकत नाही; ठेवून दिलं की तळाशी लालसर सेलेनियम उतरायला लागतं. दोन्ही एकत्र केली की द्रावण तांबूस, मग चॉकलेटी, मग काळं होत जातं आणि काचेवर काळपट, चकचकीत थर चढतो.

थर झाले, बरेही झाले. एक्स-रेमध्ये, म्हणजे किरण स्फटिकावरून कोणत्या कोनात परततात ते बघताना, २९.४ अंशांवर जे शिखर यायला पाहिजे ते आलं, पण पसरट. शिखर पसरट म्हणजे कण बारीक, काही दशनॅनोमीटरचे. इलेक्ट्रॉनला दर पावलाला कणांची सीमा आडवी. असल्या थरात पृष्ठभाग कुठला आणि आतलं कुठलं, हे सांगणार कोण? माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "फिल्म चांगली आहे गं. सेन्सरवाल्याला दे, तो खूश होईल. तुला पृष्ठभाग बघायचाय ना? मग स्फटिक कर."

स्फटिक करायचा म्हणजे बीकर सोडून भट्टीकडे जायचं.

दहा ग्रॅमच्या खेपेला ६.३८ ग्रॅम बिस्मथ आणि ३.६२ ग्रॅम सेलेनियम. हिशेब अणुभारांचा, त्यात अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती तो हिशेब नळीच्या आत टिकवायला. बिस्मथ २७१ अंशांना वितळतो, सेलेनियम २२१ ला. इथपर्यंत दोघांचं जमतं. पण बिस्मथला उकळायला दीड हजारांच्या वर जावं लागतं आणि सेलेनियम ६८५ अंशांलाच उकळतं. म्हणजे संयुग वितळण्याच्या आधीच त्यातला एक भिडू वाफ व्हायला तयार. उघड्या क्रूसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, हे करायला गेलं तर सेलेनियम धुराड्यातून जाईल आणि खाली बिस्मथचा गोळा उरेल. म्हणून क्वार्ट्झच्या नळीत माल भरायचा, हवा काढायची आणि नळीचं तोंड कायमचं बंद करायचं.

बिस्मथबद्दल एक सांगून टाकते, कारण घरी सगळ्यांना ते शिशाच्या शेजारी बसतं म्हणून विषारी वाटायचं. जड धातूंच्या घराण्यात हा एकटाच सरळमार्गी. त्याची संयुगं पोटाच्या औषधात असतात. सेलेनियमचं तसं नाही. शरीराला ते चिमूटभरसुद्धा नको, त्याहून कितीतरी कमी पुरतं, आणि त्या मापाच्या वर गेलं की त्रास. कोंड्याच्या शांपूत त्याचं एक संयुग असतं, जुन्या झेरॉक्स मशीनच्या ड्रमवर त्याचाच थर असायचा, पण म्हणून तापलेल्या सेलेनियमजवळ नाक नेऊ नये. कुजक्या मुळ्याचा वास आला की फ्यूम हूडचा, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा चालू आहे का ते बघायचं आणि आपण बाहेर जायचं. आमच्याकडे हा नियम सगळ्यांना पाठ आहे.

नळी सील करणं हे या सगळ्यातलं खरं कसब, आणि ते माझं नाही, आमच्याकडे काचकाम करणाऱ्या काकांचं. क्वार्ट्झ साध्या बर्नरला दाद देत नाही, त्याला ऑक्सिजनची ज्योत लागते. काका आधी नळीची मान तापवून ओढून बारीक करून ठेवतात. मग मी तळाशी बिस्मथचे दाणे आणि त्यावर सेलेनियमचे मणी टाकते. बिस्मथच्या दाण्यावर पिवळट साय असेल तर तो बाजूला. ती साय म्हणजे ऑक्साइड, आणि आत ऑक्सिजन नकोच असतो. पंप लावायचा, व्हॅक्यूम चढू द्यायचा, मध्ये अर्गॉन सोडून पुन्हा ओढायचा. नळीच्या तळाला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर मान वितळवताना खाली सेलेनियम तापून वर उडतं. मग काका काळा चष्मा लावतात आणि ज्योत त्या बारीक मानेवर फिरवायला लागतात. क्वार्ट्झ पांढराशुभ्र होतो, इतका की बघवत नाही, मान आत खेचली जाते, आणि एका क्षणी काका नळीला हलकी पीळ देऊन वरचा भाग अलग करतात. टोकाला काचेचा एक टिपका राहतो. तो टिपका भिंगातून बघायचा. त्यात केसाएवढी रेघ दिसली तर नळी बाद.

"ताई, लाल दिसत नाही म्हणून गार झाली असं नसतं," हे काका प्रत्येक वेळी सांगतात. प्रत्येक वेळी माझा हात पुढे गेलेला असतो.

भट्टी गावातच बनलेली आहे. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव; उद्यमनगरात आणि शिरोलीच्या एमआयडीसीत भट्टी म्हटलं की कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कॉइल जळाली की मी थेट उद्यमनगरातल्या एका मामांकडे जाते. ते कॅन्थलची (भट्टी तापवणारी) तार हातात घेऊन तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "गेलीया ही. बदलाय लागंल." एकदा त्यांनी विचारलं, आत घालता काय? बोटाएवढी नळी दाखवली. किती दिवस ठेवता? पाच दिवसांच्या वर. मामा हसायलाच लागले. "एवढ्याशा मालाला पाच दिवस? आमच्यात तेवढ्यात ट्रक भरून जातोय."

पण ते पाच दिवस लागतातच. तासाला पन्नास अंश या गतीने ८५० पर्यंत चढायचं. याहून घाई केली तर सेलेनियमची वाफ बिस्मथमध्ये मुरायच्या आधी दाब वाढवते आणि नळी फुटते. फुटली की भट्टी, कॉइल आणि खोली तिन्ही कामातून गेल्या. ८५० ला पूर्ण दिवसभर ठेवायचं, मधूनमधून नळी हलवायची म्हणजे द्रव एकजीव होतो. मग उतरायचं तासाला तीन अंश. सगळा खेळ ७०५ च्या आसपासचा. नळी भट्टीत थोडी तिरकी ठेवलेली असते, निमुळतं टोक थंड बाजूला. तिथे पहिला स्फटिक धरतो आणि उरलेला द्रव त्याच्याच ओळीत गोठत जातो, असं पुस्तक म्हणतं. एकाऐवजी चार स्फटिक धरले तर चौघांचीही वाढ खुरटते. ६०० पर्यंत आलं की मग भट्टी बंद.

पावसाळ्यात हे करू नये. जुलैत एका खेपेला उतरणीच्या ऐन मध्यावर लाईट गेली. यूपीएस कंट्रोलरला जागं ठेवतो, कॉइलला नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर तापमान भराभर खाली येताना दिसत होतं आणि बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं. त्या नळीतून निघाला तो बारीक पत्र्यांचा गोळा, एकही पत्रा नखापेक्षा मोठा नाही. तेव्हापासून मोठी खेप दिवाळीनंतर, असं प्रयोगशाळेत ठरूनच गेलं.

नळी उघडायची तर हिऱ्याच्या टोकाने गोल चर पाडायची, फडक्यात गुंडाळायची आणि चर पाडलेल्या जागी दाब द्यायचा. कट्‌ असा आवाज येतो. मी आधी स्फटिकाकडे न बघता नळीच्या रिकाम्या, थंड बाजूच्या भिंतीकडे बघते. तिथे आतून एक पातळ थर बसलेला असतो, कडेला लालसर आणि मधे काळा. तेच ते सेलेनियम. नळी बंद होती, बाहेर काही गेलं नाही, तरी त्यातलं थोडं स्फटिकात न जाता भिंतीवर जाऊन बसलं. तेवढं स्फटिकात कमी पडलं. दिसायला तो थर किरकोळ वाटतो. पुढची सगळी डोकेदुखी तिथली आहे.

स्फटिक मात्र बघण्यासारखा. बाहेरून करडा दंडगोल, पण ब्लेडचं टोक योग्य जागी टेकवून जरा दाबलं की तो पानासारखा सुटतो आणि आतून आरसा निघतो. खरोखर आरसा, मी त्यात माझा चष्मा बघितलाय. कारण त्याची रचना. सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम, बिस्मथ, सेलेनियम असे पाच थर मिळून एक जाड थर होतो, सुमारे ९.५ अँगस्ट्रॉमचा (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). त्या पाचांच्या आत बंध घट्ट, पण एका पाचाचा पुढच्या पाचाशी संबंध नुसता शेजारधर्माचा. असे तीन रचले की स्फटिकभर पुन्हा पुन्हा येणारं एक पूर्ण घर (युनिट सेल): २८.६४ अँगस्ट्रॉम उंच आणि ४.१४ अँगस्ट्रॉम रुंद. चिरताना फूट पडते ती नेमकी दोन पंचकांच्या मध्ये, सेलेनियम आणि सेलेनियम यांच्यात. पदार्थ इतका मऊ की पातळ पान चिमट्यात धरलं तर वाकतं आणि वाकलेलंच राहतं. वाकलेला तुकडा मोजमापाला चालत नाही, म्हणून चिरायचं काम मी सकाळी चहा न घेता करते. हात थरथरत नाही.

एक्स-रेत चिरलेल्या पानाने मान ताठ ठेवली. पूड केलेल्या नमुन्यात २९.४ अंशांचं शिखर सगळ्यात उंच असतं, इथे ते गायबच. उरली फक्त थरांची शिखरं: ९.३, १८.६, ४७.६ आणि त्यांच्या अधलीमधली. म्हणजे सगळे थर एकमेकांना समांतर. रामनमध्ये (प्रकाश टाकून अणूंची कंपनं मोजणारी तपासणी) ७२, १३१ आणि १७४ या तीन रेघा, जिथल्या तिथे. इथवर अर्धं पान आणि माझा तुकडा यांचं शब्दन्‌शब्द जुळलं.

मग वीज लावली.

सगळ्यात आधी सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर. तुकड्याच्या एका टोकाला तापलेलं टोक, दुसरं टोक गार. गरम बाजू धन दिसली म्हणजे वाहक इलेक्ट्रॉन, एन टाइप. दहा सेकंदांचं काम, आणि खरं सांगायचं तर ज्या यंत्राच्या खोलीत पुढे तासन्‌तास बसले त्याने यापेक्षा फार वेगळं काही सांगितलं नाही. गरम बाजू धन दिसली आणि तिथेच पाल चुकचुकली. आतून विसंवाहक असणाऱ्या पदार्थात इतके इलेक्ट्रॉन आले कुठून?

रोध मोजायला चार तारा लागतात. दोनच लावल्या तर तारा आणि जोड यांचाच रोध मोजला जातो. जोड सिल्व्हर पेस्टचे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा हुपरीचा, घरात चांदीचा धंदा. पेस्टच्या बाटलीची किंमत बघून तो म्हणाला होता, "मॅडम, एवढ्यात आमच्यात पैंजण येतील, आणि ते वाजतील तरी." दातकोरण्याच्या टोकाने पेस्टचे चार ठिपके, त्यात केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारा, आणि पेस्ट वाळेपर्यंत खोलीत कुणी शिंकायचं नाही. तुकडा साधारण चार मिलिमीटर लांब, दोन रुंद, ०.२ जाड. रोध आला ६० मिलिओहमच्या आसपास. दोन तारांनी मोजला असता तर ओहमभर दिसला असता आणि मी खूशही झाले असते.

साठ मिलिओहम! म्हणजे हा धातूचा चुलतभाऊ. हॉल मोजमापाने, म्हणजे चुंबकक्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेचा व्होल्टेज मोजून, आकडा लागला. अर्धा टेस्ला चुंबकक्षेत्र, पन्नास मिलिअँपिअर प्रवाह आणि आडव्या दिशेला सुमारे ऐंशी मायक्रोव्होल्ट. गणित केलं तर दर घनसेंटिमीटरला १० चा १९ वा घात इतके इलेक्ट्रॉन.

आकडा मोठा वाटतो, पण तो आला कुठून हे कागदावर मांडलं तेव्हा मला या पदार्थाचा स्वभाव कळला. एक सेलेनियम जागेवरून गेला की मागे दोन मोकळे इलेक्ट्रॉन राहतात. म्हणजे एवढ्या इलेक्ट्रॉनांसाठी त्याच्या निम्म्या जागा रिकाम्या हव्यात. घराच्या मापावरून बघितलं तर घनसेंटिमीटरमध्ये सेलेनियमचे अणू सुमारे २.१ गुणिले १० चा २२ वा घात. भागाकार केला. साधारण चार हजार सेलेनियममागे एक गैरहजर. बस्स, एवढंच. एक्स-रेला हे दिसत नाही, रामनला दिसत नाही, वजनकाट्याला तर नाहीच नाही. चार हजारांतला एक पळाला आणि विसंवाहकाचा वाहक झाला. नळीच्या भिंतीवरचा तो लालसर थर आठवून मी त्या रात्री नीट जेवले नाही.

आणि पृष्ठभाग? तो आहे, जागेवर आहे, पण त्याचा आवाज ऐकू येत नाही. पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला फार तर १० चा १३ वा घात इतके इलेक्ट्रॉन मावतात. माझ्या ०.२ मिलिमीटर जाडीत, तेवढ्याच चौरस सेंटिमीटरखाली, आतले इलेक्ट्रॉन त्याच्या वीस हजार पट. भर मिरवणुकीत एकाच्या बासरीसारखी पृष्ठभागाची गत. ती ऐकायची तर मिरवणूक घरी पाठवायला हवी, नाहीतर तुकडा इतका पातळ करायला हवा की आत गर्दी व्हायला जागाच उरू नये. दुसरा हिशेब सोपा: माझ्या स्फटिकात दोन्ही बाजू बरोबरीत यायला जाडी दहा नॅनोमीटर, म्हणजे दहाएक पंचकं. त्याहून खूप खालीही जाता येत नाही. सहा पंचकांच्या आत आलं की वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांना भिडतात आणि ज्या वाटेसाठी सगळा खटाटोप, तिच्यातच गॅप पडतो. २०१० साली हे थर एकेक पंचक वाढवत जाऊन मोजलं गेलंय. चिकटपट्टीने सोलून दहा पंचकांवर थांबणं म्हणजे नशिबाचा भाग. पट्टीवर उरणारे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं आणि रंगावरून जाडी ओळखायची.

थंड करून बघायला इंदूरला गेले. तिथल्या यूजीसी-डीएईच्या (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) केंद्रात विद्यापीठांच्या लोकांना द्रव हेलियमच्या तापमानापर्यंतची मोजमापं करता येतात. पुण्याला गाडी बदलून, नमुन्यांची डबी पर्समध्ये पोटाशी धरून. खरा विसंवाहक थंड केला की त्याचा रोध चढत जातो. माझा उतरत गेला, अगदी तांब्याच्या तारेच्या शिस्तीने, आणि ४ केल्विनला निम्म्याच्या आसपास येऊन थबकला. चुंबकक्षेत्र वाढवलं की वरच्या टोकाला रोधात हलके हेलकावे दिसले. पाच मिनिटं जीव वर-खाली झाला. पण नमुना तिरका केल्यावर हेलकाव्यांनी जशी जागा बदलली तशी पृष्ठभागाची वाट बदलत नाही. हे आतलेच इलेक्ट्रॉन. तिथल्या तंत्रज्ञांनी असे आलेख पुष्कळ पाहिलेले असणार. ते म्हणाले, "बिस्मथ सेलेनाइड? हां, सगळ्यांचं असंच येतं." बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही.

परतल्यावर नळीत सेलेनियम जास्तीचं घालायला सुरुवात केली. भिंतीवर जाऊन बसणारं बसू दे, द्रवात तरी पुरेसं राहील. हिशेबापेक्षा काही टक्के वर. शिवाय बंद करण्याआधी रिकामी बाजू कमी ठेवायची, म्हणजे वाफेला पसरायला जागा थोडी. काकांना मान आणखी खाली ओढायला सांगितली. ते कुरकुरले, कारण ज्योत मालाच्या जवळ येते. पण केलं त्यांनी. फरक पडला. इलेक्ट्रॉन दहा पटींनी उतरले, १० च्या १८ व्या घातावर आले. दहा पट म्हणजे मोठी मजल, आणि तरीही थंड केल्यावर रोध उतरतोच. जास्तीच्या सेलेनियमचा उपाय एका ठिकाणी येऊन थांबतो, कारण स्फटिक ज्या तापमानाला गोठतो त्या तापमानाला काही जागा रिकाम्या राहणारच.

हवेचंही एक त्रांगडं आहे. चिरलेला आरसा उघडा ठेवला की हवेतलं बाष्प आणि वायू त्याच्यावर बसतात आणि पृष्ठभागाखाली आणखी इलेक्ट्रॉन गोळा होतात. सकाळी चिरलेल्या आणि संध्याकाळी मोजलेल्या नमुन्याचं एकमेकांशी पटत नाही. कोल्हापूरच्या ऑगस्टमध्ये तर बोलायलाच नको. आता चिरल्यावर लगेच जोड लावते आणि नमुना डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात.

या पदार्थाच्या मागे लागलेल्या इतरांनीही याच भिंतीवर डोकं आपटलंय. २००९ सालीच प्रिन्स्टनमध्ये बिस्मथच्या जागी थोडं कॅल्शियम घालून इलेक्ट्रॉन जिरवले गेले आणि नमुना पी टाइप झाला, म्हणजे इलेक्ट्रॉनांऐवजी त्यांच्या रिकाम्या जागा वाहक झाल्या. तांबं थरांमध्ये सरकवलं तर ३.८ केल्विनखाली तोच पदार्थ अतिवाहक होतो, त्याचा रोध शून्य होतो, ही २०१० सालची गोष्ट. ती वाट वेगळी आणि मला मोहात पाडणारी, पण सरांनी तिकडे वळू दिलेलं नाही. तिसरा रस्ता म्हणजे पंचकातल्या पाचांपैकी बाहेरच्या दोन सेलेनियमच्या जागी टेल्युरियम बसवायचं. मधल्या जागेवर एकच सेलेनियम राहतं, दोन्ही बाजूंनी बिस्मथने दाबून धरलेलं, आणि त्याला पळणं अवघड जातं. या संयुगात आतला रोध खरोखर चढतो, असं २०१० पासून अनेकांनी दाखवलंय.

मी हा तिसरा धरलाय. दहा ग्रॅमच्या खेपेला आता बिस्मथ ५.५६ ग्रॅम, टेल्युरियम ३.३९ आणि सेलेनियम १.०५. टेल्युरियम महाग आहे, वास त्याचाही वाईट, आणि त्याच्या वाफेने माणसाच्या श्वासाला लसणाचा वास कित्येक दिवस येतो म्हणतात, त्यामुळे हूडमध्ये जायच्या आधी मास्क दोनदा तपासते. पहिल्या खेपेचा तुकडा थंड करताना रोध आधी उतरला आणि मग, शंभर केल्विनच्या खाली, थोडासा चढला. थोडासाच. तो आलेख सरांना पाठवला, त्यांचं उत्तर आलं: "मधला भाग कापून पुन्हा मोज. एकाच नळीत वर-खाली फरक असतो." आहे खराच. नळीच्या निमुळत्या टोकाचा तुकडा आणि मागच्या टोकाचा तुकडा यांच्यात वाहकांची संख्या सारखी नाही, कारण शेवटी गोठणाऱ्या द्रवात कमी-जास्त झालेलं सगळं साठत जातं. मधला भाग कापून घेतलाय, चार ठिपके लावून ठेवलेत, इंदूरला तारीख मागितली आहे.